एलआयसीचे पुढचे शेअर विकण्याआधी, अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. निर्मला सीतारामन मॅडम, नमस्कार.

मे 2022 मध्ये सरकारने एलआयसीतला साडेतीन टक्के हिस्सा एका शेअरला 949 रुपयांनी विकला, पॉलिसीवाल्यांना 60 रुपये सूट होती, आणि ज्यांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता अशा कितीतरी लोकांनी फक्त एलआयसीच्या नावावर विश्वास ठेवून शेअर ठेवायचं डीमॅट खातं उघडलं. 17 मेला लिस्टिंगच (बाजारात शेअरचा व्यवहार सुरू होणं) 872 ला झालं आणि पुढच्या मार्चमध्ये भाव साडेपाचशेच्या खाली. भाव पडतात, त्याची तक्रार नाही. पण 949 हा आकडा आला कुठून हे या लोकांना समजेल असं कुणी सांगितलंच नाही.

विमा कंपनीचा यंदाचा नफा बघून तिची किंमत कळत नाही, कारण आज विकलेल्या पॉलिसीचा नफा पुढची वीस-पंचवीस वर्षं थोडा थोडा येत राहतो. म्हणून एम्बेडेड व्हॅल्यू काढतात, म्हणजे कंपनीची स्वतःची शिल्लक अधिक चालू पॉलिसींमधून शेअरहोल्डरला पुढे मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत. हप्ते मधेच किती जण बंद करतील, क्लेम किती येतील, व्याजदर, शेअर बाजार, सगळे अंदाजच.

आता एलआयसीचं बघा. 31 मार्च 2021 ला ही व्हॅल्यू होती 95,605 कोटी आणि सहाच महिन्यांनी 5,39,686 कोटी! धंदा सहा महिन्यांत साडेपाच पट वाढला नव्हता हो, कायदा बदलून एकाच लाइफ फंडाचे (पॉलिसीधारकांच्या पैशांचा साठा) पार (नफ्यातून बोनस मिळणाऱ्या पॉलिसी) आणि नॉन-पार (असा बोनस नसलेल्या) असे दोन भाग केले. आधी सरप्लसचे (देणी बाजूला ठेवून फंडात उरणाऱ्या पैशाचे) 95 टक्के पॉलिसीधारकांचे आणि 5 टक्के सरकारचे असायचे, आता नॉन-पारचा सगळा सरप्लस शेअरहोल्डरचा आणि पारमध्येही त्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत. म्हणजे वाढ मुख्यतः वाटणी बदलल्याने झाली, आणि ज्याच्या वाट्यातून गेलं त्याच पॉलिसीधारकाला आपण सवलतीत शेअर दिला. मला हे फार खटकतं.

वर तेव्हा सांगितलं जायचं की खासगी कंपन्या एम्बेडेड व्हॅल्यूच्या कितीतरी पट भावाने चालतात, एलआयसी फक्त 1.1 पटीत, म्हणजे स्वस्त. पण एलआयसीचा बहुतेक धंदा पारचा, त्यात शेअरहोल्डरला मार्जिन कमी, मग तुलना सरळ कशी होणार?

सरकारला मे 2027 पर्यंत पब्लिक हिस्सा 10 टक्क्यांवर न्यायचाय, म्हणजे अजून शेअर विकणार. त्याआधी मराठीत आणि बाकी भाषांत एक पान छापा मॅडम. बाजार 10 टक्के पडला तर व्हॅल्यू किती घटते, पॉलिसी जास्त बंद पडल्या तर किती, आणि बदललेल्या वाटणीने पार पॉलिसीवाल्याच्या बोनसवर काय परिणाम होतो, एवढं त्यात आकड्यांत लिहा. अ‍ॅक्च्युअरीकडे, म्हणजे विम्याचे हिशोब मांडणाऱ्या तज्ज्ञाकडे, हे आकडे असतातच. ते पान प्रत्येक शाखेत लावा आणि फॉर्म भरायच्या आधी हातात द्या.

एक पॉलिसीधारक