टांझानियाचा दाखला अर्धाच सांगितला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या वादावर आपल्याकडे बरीच पत्रं आली. त्यातल्या एकात सवाल होता, 'टांझानियाने एक भाषा स्वीकारली आणि सव्वाशे जमाती एक झाल्या. मग आपल्यालाच काय धाड भरली आहे?' मी दार-ए-सलाममधल्या एका कापडगिरणीत, हिशेब खात्यात, नऊ वर्षं काढली. दाखला खोटा नाही, पण पत्रलेखकाने सोयीचा तेवढाच भाग सांगितला, म्हणून हे लिहितो आहे.

स्वाहिली ही टांझानियातल्या कुठल्याही बलाढ्य जमातीची भाषा नव्हती, ही गोष्ट त्या पत्रात आलीच नाही. तिथली सर्वांत मोठी जमात सुकुमा, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेची. सुकुमांची भाषा सगळ्या देशावर घातली असती तर चागा, हेहे, हाया यांनी ती मुकाट घेतली असती, असं मला वाटत नाही. स्वाहिली किनाऱ्यावरची. तिच्या नावातच अरबी 'साहिल', म्हणजे किनारा, आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती आत शिरली, जर्मनांनी तिच्यात कारभार केला आणि इंग्रजांच्या काळात, १९३० साली नेमलेल्या समितीने, झांझिबारची बोली प्रमाण धरली. केनियातल्या मोंबासाच्या बोलीत कवितेची परंपरा जुनी होती, पण तिचा नंबर लागला नाही. स्वातंत्र्यानंतर ज्यांनी स्वाहिलीला डोक्यावर घेतलं ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे झानाकी या लहानशा जमातीचे. म्हणजे ती त्यांचीही मायबोली नव्हे. राष्ट्राध्यक्ष असताना, १९६३ साली, या गृहस्थाने शेक्सपिअरचा 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणला! सगळ्यांनाच थोडी परकी आणि म्हणून कुणाच्याच वर्चस्वाची नाही, अशी भाषा त्यांच्या हाताशी होती. हिंदी ही आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या भाषकगटाची भाषा आहे. तुलना इथेच अडते.

थोडं तिथल्या आपल्याच लोकांविषयी. स्वाहिलीत पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख, बीमा म्हणजे विमा. पहिल्या आठवड्यात वाटतं, ही भाषा तर घरचीच! मग 'किताबु'चं अनेकवचन 'विताबु' होतं आणि हिशेब चुकतो. शब्द अरबी, पण व्याकरण पक्कं बांटू, म्हणजे आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषाकुळाचं. तरीही तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या आमच्यापैकी अनेकांची स्वाहिली आज्ञार्थाच्या पुढे गेली नाही. 'लेटा' म्हणजे आण, 'न्जो' म्हणजे ये, 'हराका' म्हणजे लवकर. 'ताफधाली', म्हणजे कृपया, हा शब्द मी चौथ्या वर्षी वापरायला लागलो. वयस्कर माणूस दिसला की तिथली मुलं 'शिकामू' म्हणतात आणि त्याने 'मराहाबा' म्हणायचं असतं. मला पहिल्यांदा कुणी शिकामू म्हटलं तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आज आठवलं तरी ओशाळायला होतं.

आता शाळा. तिथे सरकारी प्राथमिक शाळांत सगळे विषय स्वाहिलीत शिकवतात आणि माध्यमिक वर्गात पाऊल टाकलं की एकदम इंग्रजी. सात इयत्ता ज्या भाषेत गणित केलं, विज्ञान शिकलं, ती आठवीच्या दारात चपलांसारखी काढून ठेवायची. आमच्या स्टोअरकीपरची मुलगी जीवशास्त्राची उत्तरं घोकून पाठ करायची. अर्थ विचारला की हसायची. माध्यमिक शिक्षणही स्वाहिलीतून देण्याचं धोरण २०१५ साली जाहीर झालं होतं, तरी वर्ग इंग्रजीतच राहिले. युनेस्को ७ जुलैला जागतिक स्वाहिली दिन पाळते, आफ्रिकन युनियनच्या कामकाजातही स्वाहिली आली आहे. पण ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते पालक मुलांना पहिलीपासून इंग्रजी शाळेतच घालतात. हे वाचून कुणाला ओळखीचं वाटलं तर नवल नाही.

एका भाषेने एकी होते, हा पत्रलेखकाचा मुख्य मुद्दा. टांझानियाला लागूनच रवांडा आहे. तिथले दोन मुख्य समाज हुतू आणि तुत्सी, दोघांचीही भाषा एकच, किन्यारवांडा. १९९४ साली तिथे तुत्सींचा जो वंशसंहार झाला तो सगळ्या जगाने पाहिला. टांझानियातल्या शांततेचं श्रेय द्यायचंच तर न्येरेरेंच्या राजकारणाला आणि जमातीच्या नावावर मतं न मागण्याच्या तिथल्या सवयीला आधी द्यावं लागेल. भाषेला त्यानंतर.

सव्वाशे भाषांचं पुढे काय झालं, हे तर त्या पत्रात कुणी विचारलंही नाही. शाळेत त्यांना जागा नाही. आमचा स्टोअरकीपर चागा, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीकडचा. त्याची बायको दुसऱ्या जमातीची, त्यामुळे घरात स्वाहिलीच. दर रविवारी तो आईला फोन लावायचा. आजीला स्वाहिली जेमतेम यायची आणि नातवंडांना चागा मुळीच नाही. तो स्पीकर चालू करून मध्ये बसायचा. आजी काय म्हणाली ते मुलांना सांगायचा, मुलं काय म्हणाली ते आजीला.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक