शेल कमांडची घडी बसवून दिल्याबद्दल आभार

नाशिक

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अंबड आणि सातपूरच्या युनिटचे शिफ्ट रिपोर्ट गोळा करणाऱ्या पायथॉन टूलमधली एकेक शेल कमांड (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) तुम्ही तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण असंच काम करणारे नाशिकमध्ये बरेच आहेत आणि तुमचं सांगणं त्यांच्याही उपयोगाचं आहे.

कमांड एका स्ट्रिंगमध्ये जोडून शेलच्या हवाली करू नका, यादी द्या, हे तुम्ही पटवून दिलंत. पायथॉनमध्ये 'शेल=ट्रू' असलं, म्हणजे कमांड शेलमार्फत चालवली, की 'सातपूर शिफ्ट २.सीएसव्ही' या नावाचे शेल तीन तुकडे करतो आणि फाइल कॉपी करणारी 'सीपी' कमांड तीन वेगळ्या फाइली शोधते. नावात सेमीकोलन असेल, तर पुढचा मजकूर वेगळी कमांड म्हणून चालतो; हे त्याहून धोक्याचं. सबप्रोसेसला (पायथॉनमधून कमांड चालवणाऱ्या मॉड्यूलला) यादी दिली की मधे शेलच येत नाही, नाव जसंच्या तसं पोचतं. मग '*' आणि पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं '|' चिन्ह) चालत नाहीत, फाइली पायथॉनच्या ग्लॉब मॉड्यूलने शोधाव्या लागतात, पण तेवढं करायला हरकत नाही. डॅशने सुरू होणारं नाव ऑप्शन समजलं जाऊ नये, म्हणून नावांआधी '--'.

सगळ्यात जास्त ऋण बॅकअपबद्दल. 'मायएसक्यूएलडंप | जीझिप' ही ओळ डेटाबेसची प्रत काढून ती आकुंचित करते. तिचा एक्झिट कोड (० म्हणजे यशस्वी, इतर आकडा म्हणजे चूक) शेल शेवटच्या कमांडवरून ठरवतो. पासवर्ड चुकून डंप सुरूच झाला नाही, तरी जीझिप रिकाम्या इनपुटची २० बाइटची फाइल बनवते आणि ० परत देते. 'जीझिप -टी' ने तपासली तरी ती पास होते, कारण जीझिप फाइल म्हणून तिच्यात खोट काहीच नसते. टूल यशस्वी म्हणतं आणि बॅकअप नसतोच! उपाय 'सेट -ओ पाइपफेल', म्हणजे ओळीतली कुठलीही कमांड फसली तरी पूर्ण ओळ फसली असं धरायचं. पण उबुंटूत 'शेल=ट्रू' ने चालतो तो डॅश नावाचा शेल, बॅश नव्हे; म्हणून बॅशचं नाव स्पष्ट देऊनच ती ओळ चालवायची. सोबत फाइलचा आकारही बघायचा.

हाताने चालणारी कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सेवेत) १२७, म्हणजे 'कमांड सापडली नाही', देते, तेव्हा आधी पाथ (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) बघा, हेही तुमचंच. क्रॉनचा पाथ तोकडा असतो, कमांडचा पूर्ण पत्ता दिला की प्रश्न मिटतो.

टाइमआउटचा मुद्दा फार थोडे लोक सांगतात. 'शेल=ट्रू' असताना कमांडला दिलेली वेळ संपली की पायथॉन फक्त शेलला मारतो. शेलने सुरू केलेली कमांड मागे चालूच राहू शकते. 'स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू' देऊन शेल आणि त्याच्या कमांडचा वेगळा गट करायचा आणि 'किलपीजी' ने पूर्ण गट एकदम बंद करायचा. आउटपुट पाइपमध्ये घेऊन ते न वाचता कमांड संपायची नुसती वाट बघितली ('वेट'), तर लिनक्सवर सहसा ६४ केबीला पाइप भरतो आणि पायथॉन व कमांड एकमेकांची वाट बघत बसतात. तिथे आउटपुट वाचत राहणारं 'कम्युनिकेट' हवं.

तुम्ही घातलेल्या कॉमेंट आम्ही कोडमध्ये तशाच ठेवल्या आहेत. नव्याने येणाऱ्या मुलांना आधी त्याच वाचायला देतो.

तुमचे ऋणी,
संगणक विभागातले आम्ही सगळे