संज्या, पट्टी कापताना औषधाचं नाव गिऱ्हाईकाकडे जाऊ दे

प्रिय संज्या,

तुझ्या मेडिकलमधल्या गिऱ्हाईकाचा तू पाठवलेला फोटो बघितला. ओठावरचा तो गोल काळपट डाग, कडेला थोडी लाली, आणि त्याला कुणीतरी हर्पिसचं मलम देऊन ठेवलंय. मला तरी ते औषधाचं वाटतंय, फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात आम्हा डॉक्टरांत. त्याला एवढंच विचार की जुलाब लागले किंवा अंग दुखायला लागलं की तो तुझ्याकडून किंवा आणखी कुठून नेमकी कुठली गोळी घेतो. ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या, सल्फा, काही पेनकिलर, यांनी हे फार होतं. ज्याला होतं त्याच्या पोटात ती गोळी गेली की काही तासांत त्याच जागी खाज, आग, लाली, आणि मग तो डाग महिनोन् महिने जात नाही. परत गोळी घेतली की परत तिथेच, आणि दरवेळी एखादा डाग वाढतो. बऱ्याच पुरुषांना हे नाजूक जागी होतं, मग ते गुप्तरोग समजून लाजेनं कुणाला दाखवत नाहीत, बायकोपासून लपवतात, घरात संशय सुरू होतो. माझ्या ओपीडीत असे लोक येतात तेव्हा फार वाईट वाटतं रे, कारण गोळी बंद करणं एवढाच इलाज असतो आणि माणूस वर्षभर मनात कुढत बसलेला असतो.

आता वॉर्डातलं सांगतो, तुला ते बघायला मिळत नाही पण तुझ्या काउंटरचा त्याच्याशी सरळ संबंध आहे. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असलेल्या शंभरातल्या दोन-तीन जणांना औषधामुळे अंगावर काही ना काही उठतं. बहुतेक वेळा गोवरासारखं लाल पुरळ, पोटा-पाठीवरून सुरू होऊन हातापायांवर पसरणारं. अँटिबायोटिक, सल्फा, फिटची औषधं ही नेहमीची कारणं. औषध थांबवलं की आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. घरचे म्हणतात औषध गरम पडलं, किंवा पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. गांधी उठल्या असतील तर त्या गोळीनंतर लगेच, तासाभरात उठतात, ते सगळ्यांना कळतं. पण हे पुरळ औषध सुरू केल्यावर ४ ते १४ दिवसांनी येतं, म्हणून पेशंट कालच्या गोळीला दोष देतो आणि खरी गोळी चालूच राहते. आम्ही काय करतो तर केसपेपर घेऊन बसतो आणि प्रत्येक औषधाची सुरू केल्याची तारीख एका रेषेवर मांडतो. वॉर्डात एकेकाला दहा-दहा औषधं चालू असतात. तारखा मिळाल्या तर गुन्हेगार बहुतेक सापडतो, पण तारखा आणि नावं मिळायला हवीत ना.

आणि इथेच सगळं अडतं. मध्यंतरी एक बाई आल्या, शेतमजुरी करणाऱ्या. गालात करंट मारल्यासारखी कळ यायची म्हणून त्यांना कुठेतरी कार्बामाझेपिन सुरू झालं होतं, ते या दुखण्याचं बरोबरच औषध आहे, त्यात देणाऱ्याचं काही चुकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताप, घसा दुखणं, डोळे लाल आणि चुरचुर. गावात व्हायरल म्हणून कागदाच्या पुडीत लाल-पांढऱ्या गोळ्या मिळाल्या, कुठल्या ते कुणालाच माहीत नाही, आणि गालाची गोळी चालूच. मग तोंडात फोड, ओठांवर रक्ताची खपली, छातीवर काळपट लाल ठिपके, आणि दोन दिवसांत पाठीची कातडी हात लावला की सुटायला लागली. यालाच स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात. कातडी १० टक्क्यांच्या आत सुटली तर एसजेएस (स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम), ३० टक्क्यांच्या वर गेली तर त्याचंच जास्त गंभीर रूप, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणजे टेन, आणि टेनमध्ये तीनातला एक तरी दगावतो. नवऱ्यानं प्लास्टिकच्या पिशवीत सगळी औषधं आणली होती. त्यात पट्टीचा एक तुकडा, चार गोळ्या आणि मागे फक्त बॅच नंबर आणि किंमत. नाव दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा कुठल्या तरी दुकानात. या आजारात कारण ठरलेलं औषध जितकं लवकर बंद होईल तितकी जगायची शक्यता जास्त असते, आणि आमचा वेळ फोन करून करून दुकान शोधण्यात गेला.

अशा पेशंटला सांभाळणं म्हणजे भाजलेल्या पेशंटसारखंच सगळं, पाणी, मीठ, इन्फेक्शन, ऊब, सगळं बघायचं. चादर कातडीला चिकटते, चिकटपट्टी लावायची नाही, कुशीवर वळवताना सिस्टर आणि मावशी दोघी मिळून किती हळू हात लावतात ते तू एकदा बघायला पाहिजेस. निर्जंतुक केलेलं केळीचं पान अंथरतात, ते जखमेला चिकटत नाही, स्वस्त आहे. मुंबईत सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचा रीतसर अभ्यास करून २००३ मध्ये तो छापलाय. डोळ्यांचे डॉक्टर रोज येऊन पापण्या चिकटू नयेत म्हणून बघतात, कारण कातडी परत येते पण डोळे कायमचे कोरडे होऊ शकतात, नजरही जाऊ शकते. त्या बाई वाचल्या. डोळ्यांत थेंब मात्र अजून घालावे लागतात.

हे टाळता येतं का, तर थोडंफार येतं. कार्बामाझेपिनचं एसजेएस आणि एचएलए-बी १५०२ नावाचं जनुक यांचा संबंध तैवानच्या लोकांनी २००४ मध्ये दाखवला. पुढे त्यांनी जवळपास पाच हजार लोकांची आधी रक्ततपासणी केली, जनुक असलेल्यांना दुसरं औषध दिलं, आणि त्यातल्या एकालाही एसजेएस झालं नाही, २०११ ला ते छापून आलं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेनं, २००७ पासूनच आशियाई वंशाच्या पेशंटसाठी ही तपासणी सुचवलीय. आपल्या तालुक्यात ही टेस्ट कोण करणार, मला माहितीय. म्हणून पहिले दोन महिने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुसरं एक दुखणं आहे ड्रेस नावाचं, ते आणखी फसवं. औषधानंतर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहरा सुजणं, मानेत गाठी, अंगभर पुरळ, आणि आत लिव्हरला मार. फेनिटॉइन, डॅप्सोन, अ‍ॅलोप्युरिनॉल ही नेहमीची नावं. पाळीच्या पोटदुखीला सर्रास घेतात त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दलही नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी फार्माकोव्हिजिलन्सवाल्यांनी, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्यांनी, याच ड्रेससाठी सावधानतेचा इशारा काढला होता. म्हणजे ते वाईट औषध आहे असं नाही, पण ते घेतल्यावर पुरळ आणि ताप आला तर संशय घ्यायचा. अ‍ॅलोप्युरिनॉलचं मात्र मला खरंच चिडून सांगायचंय. पॅकेजवाली तपासणी केली, युरिक अ‍ॅसिड जरा वाढलेलं निघालं, सांधा एकदाही दुखला नाही, तरी गोळी सुरू. एवढ्यासाठी कुणाची कातडी जावी हे मला पटत नाही.

तर तुझ्याकडून मला काय हवंय ते ऐक. चार गोळ्या कापून देताना नाव असलेला भाग गिऱ्हाईकाकडे जाऊ दे, नाही जमलं तर पाकिटावर पेनानं औषधाचं मूळ नाव आणि तारीख लिही, कंपनीचं नाव नको. कारण एकच औषध पंचवीस नावांनी येतं. ज्याला एकदा रिअ‍ॅक्शन आली तो नेहमीचं नाव सोडून दुसऱ्या नावाखाली तेच घेतो, आणि दुसऱ्या वेळेला आठवडा लागत नाही, तासांत किंवा एक-दोन दिवसांत उसळतं. फिटच्या औषधांत तर कार्बामाझेपिन सोसलं नाही तर फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनही सोसत नाही असं बऱ्याच जणांत होतं, म्हणून बदलून दुसरं द्या म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे पाठव. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, चेहऱ्याला सूज किंवा कातडी दुखणं, यातलं एकही असेल तर मलम देऊ नकोस, पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नकोस, सगळ्या पट्ट्या घेऊन त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला धाड. फिटची गोळी असेल तर ज्यानं लिहून दिली त्या डॉक्टरला तिथल्या तिथे फोन लाव, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते.

आणि औषधाची अशी रिअ‍ॅक्शन दिसली की कळवायचं. आपल्या देशात २०१० पासून यासाठी कार्यक्रम आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला. १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर, केमिस्टसुद्धा कळवू शकतो, पेशंटही. खात्री नसली, नुसता संशय असला तरी चालतं. तिथून माहिती पार स्वीडनमधल्या उप्सालाच्या केंद्रात जाते, जगभरच्या नोंदी तिथे जमतात. मेफेनॅमिकचा इशारासुद्धा इथल्याच लोकांनी भरलेल्या फॉर्मांतून आला.

आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या वेळी आम्ही एक छोटं कार्ड देतो, त्यावर न चालणाऱ्या औषधाचं मूळ नाव, काय झालं होतं, कधी, आणि त्याच गटातली आणखी कुठली टाळायची ते मराठीत. आधार कार्डाच्या मागे ठेवा म्हणून सांगतो. त्याचा मजकूर मी तुला आज रात्री टाइप करून पाठवतो, तुमच्या तालुक्याच्या केमिस्ट ग्रुपवर टाक, आणि कार्ड दाखवणारं गिऱ्हाईक आलं तर ते वाचल्याशिवाय काही देऊ नका असं सगळ्यांना बजाव. छपाईचा खर्च मी देतो, प्रेसवाल्याशी तू बोल.

काकांना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
मन्या