बाबा, मी धर्म बदललेला नाही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर मी म्हटलं की बाळ गेल्यावर हॉस्पिटलात माझ्याजवळ एक चॅप्लिन येऊन बसली होती. चॅप्लिन हा मूळ शब्द पाद्र्याचा, पण इथे त्यांचं काम रुग्णाच्या दुःखात सोबत करण्याचं. तो शब्द ऐकताच बाबा गप्प झाले आणि आईने विषय जेवणावर नेला. म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, तुमच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. १५६० साली आपला देव मंगेश पोर्तुगीजांच्या भीतीने कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, कसा आला, हे मी तुमच्याकडूनच ऐकत वाढले. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं ते धर्मन्यायालय, १८१२मध्ये बंद झालं, पण आपल्या घरात पाद्री म्हटलं की आजही आवाज खाली येतो. त्यात काही चूक नाही. फक्त, माझ्याजवळ बसलेली बाई त्या कामासाठी आली नव्हती.

इथे इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांत चॅप्लिन हे डॉक्टर-नर्सप्रमाणेच नोकरीवर असतात. त्यांच्यात ख्रिस्ती असतात, मुसलमान, हिंदू, शीख असतात, कुठलाच धर्म न मानणारेही असतात. २०१५च्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट म्हटलं होतं की ही सेवा धर्म मानणाऱ्यांसाठी आहे तशीच न मानणाऱ्यांसाठीही. आपला धर्म रुग्णावर लादायला त्यांच्या आचारसंहितेत मनाई आहे. वॉर्डात नर्स विचारते, कुणाशी बोलायचंय का? नको म्हटलं तर कुणी येत नाही. मी हो म्हटलं, कारण बाळ गेल्यावर सगळे मला धीर देत होते आणि मला धीर नको होता.

ती आली, बसू का म्हणून विचारलं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, तुमच्या घरी अशा वेळी काय करतात? मी म्हटलं, आजी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणायची. म्हणावीशी वाटते का, तिने विचारलं. मी सुरू केली आणि मध्येच अडले. पुढचं आठवेना. ती थांबून राहिली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं की मी मंगेशावर चिडलेय, इतके सोमवार केले ते कशाला? हे मी तुम्हाला सांगू शकले नसते, आई. तू लगेच ‘असं बोलू नये’ म्हणाली असतीस. तिने देवाची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. फक्त ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, हिंदू चॅप्लिन बोलावू का? मी म्हटलं, तूच ये.

लहान बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. काहीही ठरायच्या आधी तिने आम्हा दोघांना आमची रीत विचारली आणि तसंच झालं. तिच्यासमोर आम्ही बाळाचं नाव घेतलं. जावई त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

आई, तुझ्या माहेरी म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेच्या, फेस्ताला तू तेल घेऊन जायचीस. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, मग परकी कशी, असं तूच म्हणायचीस. लोटलीच्या शांती अवेदना सदनात ख्रिस्ती सिस्टर्स कॅन्सरच्या रुग्णांची अखेरपर्यंत सेवा करतात, तिथे कुणी जात-धर्म विचारत नाही, हे बाबांनाही माहीत आहे. गोव्यात हे सगळं आहेच. दुःख घेऊन कुणासमोर बसायचं, एवढंच आपण घरात कधी केलं नाही.

आजीने एकदा सांगितलं होतं की माझ्याआधी तुमचं एक मूल गेलं. घरात त्याचा विषय कधीच निघाला नाही. आई, तुला बोलावंसं वाटत असेल तर माझ्याशी बोल. मी मध्ये ‘विसर आता’ म्हणणार नाही. माझ्याशी नको वाटलं तर तुझ्या विश्वासाच्या कुणाशी बोल, मग ती देवळातली असो की लोटलीची एखादी सिस्टर.

बाबा, माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण कालपासून मी पुन्हा दिवा लावते. या सोमवारी पालखीला जाल तेव्हा बाळाच्या नावाने एक नारळ ठेवा. नाव रविवारी फोनवर सांगेन, तुम्हीच फोन घ्या.

तुमची,
बाय