पाच वेळा हरलेल्या खासदारबाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात कुठे निवडणूक झाली की आपल्याकडे विजयी उमेदवारांच्या यादीत पटेल, शर्मा, कौर शोधायचे आणि 'भारतवंशीयांचा डंका' असा मथळा ठोकायचा, हे आता ठरूनच गेलं आहे. त्यात पुण्या-मुंबईचा धागा सापडला तर विचारायलाच नको. न्यूझीलंडच्या खासदार डॉ. परमजीत परमार यांचं नाव या कौतुकात अधूनमधून येतं. कौतुकाला माझी हरकत नाही. पण बाई संसदेत पोचल्या कशा, याचा त्यात पत्ता नसतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुणे विद्यापीठातून जीवरसायनशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी, १९९५ मध्ये न्यूझीलंडला प्रयाण, मग ऑकलंड विद्यापीठात मेंदूविज्ञानात पीएच.डी. इथवरचा बायोडेटा आपल्या सोसायटीतल्या चार घरांत सापडेल. पुढे मात्र त्या उद्योगात उतरल्या, निवेदिका म्हणून भारतीय समाजात ओळखीच्या झाल्या. २०१३ मध्ये सरकारनं त्यांना फॅमिलीज कमिशनर, म्हणजे कुटुंबविषयक आयोगावर आयुक्त नेमलं आणि पुढच्याच वर्षी नॅशनल पक्षानं ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमधून उमेदवारी दिली. स्थलांतरितांची दाट वस्ती, पण मतदारसंघ लेबर पक्षाचा बालेकिल्ला.

तिथे त्या हरल्या. २०१६ च्या पोटनिवडणुकीत हरल्या, २०१७ ला हरल्या, २०२० लाही हरल्या. २०२३ मध्ये पक्ष बदलून, ॲक्टतर्फे पाकुरंगामधून उभ्या राहिल्या आणि तिथेही हरल्या. पाच लढती, पाच पराभव. तरीही २०१४ ते २०२० त्या खासदार होत्या आणि २०२३ पासून पुन्हा आहेत!

आपल्याकडे असं झालं तर मागल्या दारानं आल्या म्हणून गहजब होईल. तिथे ते पुढचंच दार आहे. मतदाराला दोन मतं असतात : एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. संसदेत कोणत्या पक्षाचे किती खासदार, हे मुख्यतः दुसऱ्या मतावर ठरतं. त्यात वाटा हवा तर पक्षाला निदान पाच टक्के मतं किंवा एखादा मतदारसंघ मिळवावा लागतो. मतदारसंघ जिंकलेले वजा जाता उरलेल्या जागा पक्षानं आधीच जाहीर केलेल्या यादीतून क्रमानं भरल्या जातात. १९९३ च्या सार्वमतानं ही पद्धत आणली आणि १९९६ ला ती प्रथम वापरली गेली. त्याच निवडणुकीत शांघायमध्ये जन्मलेल्या पॅन्सी वाँग यादीतूनच आल्या आणि त्या देशाच्या पहिल्या आशियाई खासदार ठरल्या. प्रियांका राधाकृष्णन या चेन्नईत जन्मलेल्या बाईही २०१७ मध्ये यादीतूनच आल्या. २०२० मध्ये त्यांनी मतदारसंघही जिंकला आणि त्या मंत्री झाल्या.

२०१६ ची पोटनिवडणूक तर आपल्या राजकीय पंडितांनी अभ्यासावी अशी आहे. परमार तेव्हा यादीवरच्या खासदार होत्याच. त्या जिंकल्या असत्या तर त्यांची यादीतली जागा पक्षाच्या पुढच्या नावाला गेली असती, म्हणजे पक्षाचा एक खासदार वाढला असता. प्रत्यक्षात लेबरचे मायकल वूड सहा हजारांहून जास्त मतांनी जिंकले. दोनच दिवसांत पंतप्रधान जॉन की यांनी राजीनामा जाहीर केला आणि ती लढत लोकांच्या विस्मरणात गेली.

या पद्धतीत सगळंच गोड नाही. यादी पक्षश्रेष्ठी करतात, त्यामुळे खासदाराचं लक्ष गल्लीपेक्षा पक्षाच्या कचेरीकडे जास्त. पक्ष आपटला की यादीवाले आधी गळतात. २०२० मध्ये नॅशनलच्या जागा ५६ वरून ३३ वर आल्या आणि परमार घरी बसल्या. पक्ष त्यांनी बदलला तो संसदेबाहेर असताना, हेही नोंदवायला हवं. आपल्याकडे खासदारकी खिशात ठेवून काय काय चालतं ते मी लिहायला नको.

त्यांचं ॲक्टमधलं राजकारण मला स्वतःला पटत नाही. ब्रिटिश राजसत्ता आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातल्या १८४० च्या वाइतांगी करारावरून माओरींचे जे हक्क ठरतात, त्यांची नवी व्याख्या करणारं विधेयक ॲक्टनं आणलं. एप्रिल २०२५ मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळलं गेलं. बाजूनं फक्त ॲक्टचे अकराजण होते. बाहेरून येऊन स्थिरावलेल्या माणसानं तिथल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांवर किती बोलावं, यावर तिथल्या भारतीयांतही दुमत असणार. आपल्या कौतुकाच्या बातम्यांत यातलं काहीच येत नाही, जणू आडनाव कळलं की बाईंची मतं कळायची गरजच उरत नाही.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आपलं महिला आरक्षण. सप्टेंबर २०२३ मध्ये एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती झाली आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेला बांधली गेली. म्हणजे आपल्याकडे बाईला एकेक मतदारसंघच जिंकावा लागणार. पैसा, गाड्या, बूथवरची माणसं लागणार, आणि ती ज्यांच्या घरात आहेत त्यांच्याच सुना-लेकी बहुतेक तिकीट नेणार. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेली, पण राजकीय घराणं नसलेली बाई यात कुठून शिरणार? यादीची पद्धत आपल्याला झेपेल की नाही, यावर निदान चर्चा तरी व्हावी.

तेव्हा न्यूझीलंडच्या पुढच्या निकालाची बातमी छापाल तेव्हा नावापुढे मतदारसंघातून की यादीतून, आणि कोणत्या पक्षातून, एवढं कंसात द्यावं ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सातारा