तक्रार: २४ इंची रीथच्या बॅगेत २४ इंची रीथ मावतच नाही

नमस्कार,

दाराला लावायचं रीथ, म्हणजे फांद्यांचं गोल तोरण, ठेवायची तुमची बॅग मी मागच्या सीझनच्या शेवटी ऑनलाइन घेतली, पेजवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की २४ इंची रीथ आरामात बसतं, म्हणून बिनधास्त ऑर्डर केली. परवा दार सजवायला बॅग उघडली आणि रडूच आलं. फांद्या एका बाजूने पार चपट्या, रिबनच्या बोवर घड्या, दोन पाइनकोन सुटून तळाशी पडलेले.

मग टेप घेऊन बसले. बॅग २४ इंच आहे पण बाहेरून, शिवणीसकट! आतून साडेबावीस भरते आणि खोली फक्त साडेचार इंच. माझं रीथ फांद्या फुलवल्यावर २४ इंच, म्हणजे जवळपास ६१ सेंमी, आणि बो धरून सात इंच जाड. पुढून फुगीर दिसणं हीच तर रीथची शोभा असते, मग खोलीचा आकडा तुमच्या पेजवर कुठेच का नाही? चेन लागली म्हणून मला वाटलं बसलं, खरं तर ते आत दाबलं जात होतं.

दुसरं हँडलचं. फोटोत तुम्हीच बॅग हुकला टांगलेली दाखवलीये, आणि बरोबरच आहे ते, रीथ टांगूनच ठेवावं, आडवं ठेवून वर सामान रचलं की आकार जातोच. मीही कपाटात टांगली तर हँडलची शिवण उसवली आणि बॅग खाली आदळली, पाइनकोन बहुतेक तेव्हाच सुटले.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले फांद्या हाताने सरळ करा. केल्या हो! दोन तास एकेक फांदी वाकवली, आत तार असते म्हणून येतात त्या जागेवर, वर हेअर ड्रायर लो वर ठेवून लांबूनच फिरवला कारण जास्त गरम झालं की ग्लू गनचा गोंद मऊ होऊन उरलेलं पण सुटतं. पण बो मखमलीचा आहे, त्याची लव दबली ती दबलीच, माझ्या बोच्या घड्यांच्या खुणा वाफ देऊनही गेल्या नाहीत. आणि माझं सुकवलेल्या फुलांचं दुसरं रीथ, जे साध्या खोक्यात खालीवर टिश्यू पेपर घालून ठेवलेलं, ते जसंच्या तसं निघालं.

मला पुढच्या ऑर्डरवरचं कूपन नकोय. बॅगेचे पूर्ण पैसे परत द्या आणि पेजवर आतला व्यास आणि खोली दोन्ही लिहा, हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण कुणीतरी आत्ताही तेच वाचून ऑर्डर करत असेल. हँडलला डबल शिवण मारा किंवा टांगलेल्या बॅगेचा फोटो तरी पेजवरून हटवा.

टेप लावून काढलेले फोटो आणि बिल सोबत जोडलंय. बॅग परत न्यायला कधी येताय तेवढं कळवा.