तालुक्यातल्या संग्रहालयांना शिकवायला कुणी येईल का?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

२०२५ च्या जुलैमध्ये शिवकाळातल्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली. त्यातले अकरा किल्ले आपल्या राज्यात आहेत. त्या आनंदात आम्हीही सामील होतो. हे पत्र मात्र त्या किल्ल्यांच्या पायथ्याला आणि इतर तालुक्याच्या गावांत असलेल्या, कुठल्याही यादीत नसलेल्या खोल्यांबद्दल आहे. वाचनालयाच्या माडीवर, शाळेच्या जुन्या वर्गात, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर थाटलेली ही संग्रहालयं. ती चालवतात निवृत्त शिक्षक, शेतकरी, दुकानदार, वकील, तेही पदरमोड करून. मीही एका तालुका इतिहास मंडळाचं काम पाहतो.

आमच्यासारख्यांकडे असतं काय? मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), सनदा, वतनपत्रं, देवळाच्या हिशेबाच्या वह्या. नांगरताना सापडलेली नाणी, गंजलेल्या तलवारी, पायली-शेराची मापं, शेताच्या बांधावरून आणून ठेवलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड. गावाचा इतिहास लिहायला बसलं तर याच्याशिवाय पान हलत नाही. आणि हे सगळं ज्यांच्या हातात आहे, त्यांना ते कसं हाताळायचं हे आजवर कुणी शिकवलेलं नाही.

याचा परिणाम काय होतो, ते एका कागदावरून सांगतो. पेशवाईतलं एखादं पत्र हातकागदावर, काजळीच्या शाईनं लिहिलेलं असतं. हा कागद चिवट. घडीवर थोडा फाटतो, कडेला कसर लागते, पण अडीचशे वर्षांनंतरही अक्षर काळंभोर राहतं. मग कुणीतरी प्रेमानं त्याच्या घडीवर चिकटपट्टी लावतो. काही वर्षांत पट्टी पिवळी पडते, वरचं प्लास्टिक सुटून येतं आणि डिंक कागदात उतरतो. तपकिरी डाग पडतो, तो जन्माचा. याहून वाईट म्हणजे लॅमिनेशन. दिसायला चकचकीत, पण उष्णतेनं चिकटवलेलं ते प्लास्टिक कागदाला इजा न करता परत काढणं जवळजवळ अशक्य असतं. जे कागद वाळवीच्या आणि पावसाच्या तावडीतून सुटले, ते आमच्याच मायेनं खराब होतात. ताम्रपट चिंच-मीठ लावून घासले जातात, नाणी ब्रशनं उजळवली जातात, वीरगळांना ऑइल पेंट दिला जातो. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नसतो. त्यांना एकदा शेजारी बसवून दाखवलं असतं, तर हे झालं नसतं.

दुसरी गोष्ट नोंदीची. मला ती जतनापेक्षाही मोठी वाटते. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. ती ब्रह्मपुरीत मिळाली हे माहीत आहे, म्हणूनच पंचगंगेकाठच्या या वस्तीचा रोमन जगाशी असलेला व्यापार तिच्यावरून सांगता येतो. ठिकाण हरवलं असतं, तर ती नुसती एक परदेशी मूर्ती उरली असती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे काही पुरातत्त्व खात्यातले अधिकारी नव्हते. गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, मिळणाऱ्या वस्तू ते जमवत राहिले आणि आज त्यांच्या नावानं तिथं शासकीय संग्रहालय उभं आहे. असे छोटे-मोठे लामतुरे आजही गावोगावी आहेत. फरक एवढाच की त्यांच्या बऱ्याच वस्तू नोंदीविना कपाटात आहेत. कुठल्या शेतात मिळाली, कुणी दिली, कधी दिली, हे फक्त त्या एका माणसाला ठाऊक असतं. तो गेला की वस्तू मुकी होते.

नोंद ठेवायला मोठी यंत्रणा लागत नाही. एक बांधीव नोंदवही, प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, एक फोटो, चार ओळी. वस्तूवर क्रमांक घालण्याचीसुद्धा एक रीत आहे. धातूच्या किंवा मातीच्या वस्तूवर, सहज नजरेला न येणाऱ्या जागी, पॅरालॉइड बी-७२ या निर्धोक, पारदर्शक ॲक्रिलिक रोगणाचा बोटाच्या पेराएवढा पट्टा द्यायचा, तो वाळला की त्यावर बारीक निबानं क्रमांक लिहायचा, वर पुन्हा एक हात. हवा तेव्हा ॲसिटोननं पुसता येतो, वस्तूला धक्का लागत नाही. कागदावर मात्र फक्त शिसपेन्सिल. एका सकाळीत शिकून होणारी ही गोष्ट आहे. ती माहीत नसल्यामुळे आज वस्तूंवर बॉलपेन, मार्कर आणि किंमतपट्टीचे स्टिकर दिसतात.

महोदय, आपल्याच राज्यात याचं उत्तर शोधता येईल. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावच्या वाचनालयांची घडी बसली. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, वर्गाप्रमाणे अनुदान आलं, जिल्हा ग्रंथालय अधिकारी आले. ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गांमुळे लहान गावातला ग्रंथपालसुद्धा वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांची पद्धतशीर सूची करणं) शिकला. अनुदान वेळेवर येत नाही ही तक्रार खरी आहे, पण शिकायला कुठं जायचं हे तरी त्याला माहीत आहे. छोट्या संग्रहालयांसाठी तालुक्यापर्यंत पोचलेली अशी कोणतीही व्यवस्था नाही. आपल्याच अखत्यारीतल्या पुराभिलेख संचालनालयानं मोडी लिपीचे वर्ग चालवले, त्यातून मोडी वाचणारे तरुण तयार झाले. त्यांनी वाचायचे ते कागद पुढची पन्नास वर्षं टिकले पाहिजेत, तर त्या कागदांपाशी बसणाऱ्यांचंही शिक्षण व्हायला हवं.

शिकवणाऱ्यांची वानवा नाही. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संरक्षणाचं उत्तम केंद्र आहे. पुण्यात पुरातत्त्व शिकवणारं डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रूपानं १९१० पासूनचा अनुभव आहे. संग्रहालयांच्या नोंदींसाठीची 'जतन' ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं तयार केली आहे. अडचण अंतराची आहे. साठी ओलांडलेला माणूस पदविका करायला वर्षभर मुंबईत जाऊन राहणार नाही. शेती किंवा दुकान सांभाळणाराही नाही. शिकवणाऱ्यांनीच इकडे यायला हवं.

कार्यशाळा म्हटलं की एक ठरावीक चित्र उभं राहतं: जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह, दीपप्रज्वलन, सत्कार, दोन-तीन भाषणं, जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्रं. तशी कार्यशाळा आम्हाला नको. ती एखाद्या छोट्या संग्रहालयाच्या खोलीतच व्हावी, निदान तीन दिवस चालावी, मराठीत व्हावी, आणि वीस-पंचवीसपेक्षा जास्त माणसं नसावीत. येणाऱ्यानं आपली नोंदवही आणि आपली एक-दोन दुखणाईत वस्तू सोबत आणावी. शेवटच्या दिवशी ज्या संग्रहालयात बसलो, त्याचं एक कपाट सगळ्यांनी मिळून लावून दाखवावं. जाताना प्रत्येकाच्या हातात मऊ ब्रश, आम्लरहित कागद, सुती फीत, आर्द्रता मोजायचं साधं यंत्र एवढं साहित्य असावं. आणि सहा महिन्यांनी शिकवणारा प्रत्येकाकडे एकदा येऊन जावा. ही शेवटची गोष्ट सोडू नका. पाहायला कुणी येणार आहे, हे कळलं की माणूस शिकलेलं करून ठेवतो.

पुराचा विषय त्यात असायलाच हवा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा १८६४ पासून चाललेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचं अतोनात नुकसान झालं. याच वाचन मंदिरानं २००५ चा पूरही सोसला होता. भिजलेल्या कागदाला साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. उन्हात घातला तर तो आखडतो आणि वेडावाकडा होतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, टिपकागद बदलत वाळवायचा असतो. ढीग मोठा असेल आणि हात कमी असतील, तर भिजलेले गठ्ठे पिशव्यांत घालून गोठवायचे. बुरशी थांबते आणि सवडीनं वाळवायला वेळ मिळतो. कोकणात मासळीची शीतगृहं आहेत, देशावर दुधाची आणि फळांची आहेत. त्यातल्या कुणाकडे अतिथंड कक्ष आहे आणि कुणाला फोन करायचा, हे पाणी चढायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. आज कुठल्या संग्रहालयाच्या भिंतीवर तो नंबर लिहिलेला आहे?

कायद्याबद्दलही थोडं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपुढची महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडतात, त्यातल्या काहींची नोंदणी सक्तीची आहे. गावात याची फक्त भीती पोचली आहे. नोंद केली तर सरकार घेऊन जाईल, या धास्तीनं घराघरांतल्या मूर्ती आणि पोथ्या माळ्यावर जातात, नाहीतर गुपचूप विकल्या जातात. नोंदणी अधिकाऱ्यांनी कार्यशाळेत एक दुपार बसून लोकांच्या शंका ऐकल्या आणि तिथंच अर्ज भरून घेतले, तर ही धास्ती बरीच कमी होईल.

राज्यात सहा महसुली विभाग आहेत. प्रत्येक विभागासाठी जुन्या वस्तूंच्या जतनाचं प्रशिक्षण घेतलेला एक संरक्षक नेमा आणि तो कार्यालयात न बसता फिरता राहील हे पाहा. त्याच्याकडून वर्षाला दर विभागात दोन कार्यशाळा घ्या. कपाटांना आणि रंगरंगोटीला अनुदान देताना, त्या संस्थेतला एक तरी माणूस शिकून आलेला असावा अशी अट घाला.

जागा, मुक्काम आणि जेवण आमच्यासारखी मंडळं आनंदानं सांभाळतील. आपल्या खात्यानं शिकवणारी माणसं आणि साहित्य पाठवावं. पहिली फेरी येत्या पावसाळ्याच्या आत व्हावी, आणि तिची सुरुवात कोकण व कृष्णाकाठच्या पूरप्रवण तालुक्यांपासून करावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एका तालुका इतिहास मंडळाचा कार्यकर्ता